रात्री खा-खा का सुटते?

प्रश्न थोडक्यात असा: वय ३४, नोकरी आणि घर दोन्ही सांभाळते. दिवसभर डाएट काटेकोर पाळते. रात्री सगळे झोपले की स्वयंपाकघरात जाते आणि फरसाण, मुलाची बिस्किटं, गूळ-शेंगदाणे, फ्रिजमधला गार भात, जे हाताला लागेल ते उभ्याउभ्या खाते. चव कळत नाही, थांबता येत नाही. पोटाला तडस लागते, मग रडू येतं. आठवड्यातून तीन-चारदा हे होतं. हे हार्मोन्समुळे आहे, लहानपणीच्या कशामुळे आहे, साखरेचं व्यसन आहे, की मला इच्छाशक्तीच नाही? गोडाचे डबे कुलपात ठेवू का? नवऱ्याला सांगू का?

उत्तर:

इच्छाशक्तीचा मुद्दा आधी निकालात काढू. ऑफिसात वाढदिवसाचा केक फिरत असताना "नको, ॲसिडिटी झालीय" म्हणणारी, मुलाला भजी तळून देताना एकही तोंडात न टाकणारी बाई इच्छाशक्तीत कमी आहे असं कोण म्हणेल? मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. खाण्याच्या तक्रारी घेऊन माझ्याकडे सीए येतात, शिक्षिका येतात, पहाटे उठून मॅरेथॉनची तयारी करणारे येतात. शिस्त त्यांच्या अंगात मुरलेली असते. गोम अशी की रात्री तोल गेला की सकाळी उपायही ते शिस्तीतच शोधतात. आजपासून भात बंद, संध्याकाळी सातनंतर काही नाही, रविवारची भरपाई म्हणून सोमवार कडक. माझ्या मते बहुतेकांच्या बाबतीत आगीत तेल पडतं ते इथे.

तुम्ही वर्णन केलंय त्याला वैद्यकीय भाषेत बिंज इटिंग म्हणतात. त्यात दोन गोष्टी एकत्र असाव्या लागतात. थोड्या वेळात, साधारण दोनेक तासांत, इतर कुणी खाईल त्याहून बरंच जास्त खाल्लं जातं, आणि खाताना "आता माझ्या हातात काही राहिलेलं नाही" असं वाटतं. लग्नाच्या पंगतीत आग्रहाने चार जिलब्या जास्त झाल्या किंवा आमरसाच्या दिवसांत पोट जड झालं, तर ते बिंज नव्हे. तिथे माणूस चारचौघांत, मजेत असतो आणि नंतर बडीशेप चघळत आडवा होतो. बिंजमध्ये खाणं भराभर होतं, पुष्कळदा पोटात भूक नसताना होतं, लपून होतं आणि मागाहून स्वतःची किळस येते. आठवड्यातून किमान एकदा असं तीन महिने होत राहिलं, तर डीएसएम-५ या अमेरिकी निकषांनुसार २०१३पासून तो स्वतंत्र आजार धरला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या यादीतही तो आहे, आणि तिथे किती खाल्लं यापेक्षा ताबा सुटण्याला जास्त वजन दिलंय. मला ते जास्त पटतं. चार पोळ्या खाऊन एखादा सुखाने घोरतो आणि दोन पोळ्यांवर एखादीची रात्र रडण्यात जाते. अल्बर्ट स्टंकर्ड या अमेरिकी डॉक्टरांनी हा प्रकार १९५९मध्येच नोंदवून ठेवलाय, त्यामुळे "ही सगळी हल्लीची थेरं" असं घरातल्या कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नका.

कारणं शोधताना एक फरक ध्यानात ठेवा. हे सुरू कशाने झालं आणि आज चालू कशाने राहिलंय, हे दोन निराळे प्रश्न आहेत. लोक पहिल्याच्या मागे लागतात, लहानपण उकरत बसतात. दुसऱ्याचं उत्तर मात्र बहुधा कालच्याच दिवसात पडलेलं असतं.

म्हणून मी पहिल्या भेटीनंतर नोंदवही ठेवायला सांगते. वजन नाही, कॅलरी नाहीत. वेळ, काय खाल्लं, कुठे बसून खाल्लं आणि तेव्हा मनात काय चाललं होतं, एवढंच. अनेकांच्या वह्यांमधून जोडलेला एक दिवस देते:

सकाळी ७.१०, बिनसाखरेचा चहा. ९.३०, ओट्स, थोडेच. १.१५, काकडी, गाजर, वाटीभर डाळ. पोळी डब्यात होती, ती मैत्रिणीला दिली. ४.४५, भूक लागली, पाणी प्यायले. ६.३०, ट्रेनमध्ये उभी, डोकं दुखतंय. ८.१५, सूप, बाकीच्यांना बटाट्याची भाजी, वरण-भात वाढला. १०.५०, मुलाचा डबा धुताना त्यातलं अर्धं बिस्किट. १०.५५...

इथून पुढे अक्षर बदलतं. घाईचं, तिरकं होतं किंवा नुसतं "सगळं" असं लिहून पान सोडून दिलेलं असतं.

वही दाखवताना समोरच्या व्यक्तीचं बोट १०.५५वर असतं. मी आधी १.१५ आणि ४.४५ बघते. नोकरी, ट्रेनचा प्रवास आणि घरकाम करणाऱ्या बाईच्या पोटात दिवसभरात गेलं काय? साडेदहापर्यंत तिचं शरीर उपाशीच आहे. मेंदूला तुमचं डाएट समजत नाही, त्याला दुष्काळ समजतो.

हे मी मनचं सांगत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसल कीज यांनी ३६ तरुण पुरुषांवर एक प्रयोग केला. युद्धात लढायला नैतिक कारणाने नकार देऊन त्याऐवजी या कामासाठी पुढे आलेले, शरीराने आणि मनाने धडधाकट म्हणून निवडलेले हे लोक. सुमारे सहा महिने त्यांना अर्धपोटी ठेवलं, वजन पाव हिश्श्याने उतरवलं. त्यांच्या डोक्यात दुसरं काही उरलं नाही. ते पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, ताटल्या चाटू लागले, जेवण संपू नये म्हणून घास चिवडत बसू लागले. चिडचिड वाढली, उदासी आली. पुढे पोटभर खायची मुभा मिळाल्यावर काही जण आजारी पडेपर्यंत खात सुटले आणि पोट गच्च भरलं तरी "अजून भूक आहे" म्हणत राहिले. आधी यांपैकी कुणाला खाण्याचा विकार नव्हता. त्यांचं लहानपण, स्वभाव, आईशी नातं, सगळं निरनिराळं होतं. समान होती ती उपासमार.

तुमचं वजन पाव हिश्श्याने उतरलेलं नसेल, मला कल्पना आहे. त्यासाठी दुसरा प्रयोग सांगते, तो वहीतल्या १०.५०च्या अर्ध्या बिस्किटाचा आहे. १९७५मध्ये पीटर हर्मन या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्याबरोबर काही विद्यार्थिनींना चव बघण्याच्या निमित्ताने आइस्क्रीम दिलं. काहींना त्याआधी मिल्कशेक पाजला होता. एरवी डाएट न करता मोकळेपणाने खाणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं, जे कुणीही करेल. कायम डाएटवर राहणाऱ्यांनी मात्र मिल्कशेकनंतर आइस्क्रीम जास्त खाल्लं. पुढे जॅनेट पोलिव्ही यांनी दाखवलं की पोटात खरोखर किती कॅलरी गेल्या यापेक्षा "मी नियम मोडला" हा समजच हे घडवून आणतो. आता दिवस बाटलाच आहे तर होऊन जाऊ दे, उद्यापासून परत कडक. "उद्यापासून बंद" असं ठरलं की आज रात्री सगळं संपवायची घाई आपोआप येते. अर्ध्या बिस्किटात तसं काहीच नव्हतं. ते मना केलेलं होतं, एवढंच.

त्यामुळे भुकेचे दोन प्रकार धरा. एक पोटाची, दिवसभर कमी खाल्ल्याची. दुसरी नियमांची: भात वाईट, बटाटा वाईट, साखर विष, तूप चालेल पण अर्धाच चमचा. कागदावर कॅलरी पुरेशा असूनही ही दुसरी भूक माणसाला रात्री ओट्यापाशी नेते. सध्याच्या डाएटच्या लाटा, म्हणजे दोनच वेळा जेवा, सोळा तास उपाशी राहा, कर्बोदकं तोडा, कुणाला मानवतही असतील. ज्याला एकदा बिंज सुरू झालंय त्याने मात्र त्यांच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

साखरेच्या व्यसनाबद्दल. प्रिन्स्टन विद्यापीठात बार्टली होबेल आणि त्यांच्या चमूने उंदरांवर केलेले प्रयोग यासाठी नेहमी पुढे केले जातात, आणि उंदीर साखरेच्या पाण्यावर खरोखरच तुटून पडले होते. पण कोणते उंदीर? ज्यांना रोज बारा तास उपाशी ठेवून मग साखर दिली जात होती ते. ज्यांच्यापुढे साखर चोवीस तास होती, त्यांच्यात तो प्रकार दिसला नाही. बातम्यांमध्ये हा अर्धा भाग गाळला जातो.

म्हणून पदार्थ अगदीच निर्दोष ठरतात असं नाही. रात्री कुणी दोडक्याच्या भाजीचं बिंज केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. फरसाण, क्रीमची बिस्किटं, वेफर्स यांत मीठ, साखर आणि चरबी यांचा मेळ असा बसवलेला असतो की दोन घास आत गेल्यावर पोटाची "बास" ही सूचना वेळेत पोचत नाही. केविन हॉल या अमेरिकी संशोधकाच्या गटाने २०१९मध्ये वीस जणांना दोन आठवडे कारखान्यातलं अतिप्रक्रिया केलेलं अन्न आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. वाढलेल्या ताटांत साखर, चरबी, मीठ जवळपास सारखं राखलं होतं आणि किती खायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं होतं. तरीही कारखान्यातल्या अन्नाच्या आठवड्यांत लोकांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या, आणि हे साधे, बिंज न करणारे लोक होते. व्यसन हा शब्द मी तरी वापरत नाही, कारण तो वापरला की पुढचं पाऊल "कायमचं वर्ज्य" हे येतं, आणि वर्ज्य केलं की काय होतं ते वर लिहिलंच आहे.

आता भावनांकडे येते, कारण भूक हे एकच कारण असतं तर पोटभर जेवायला घालून सगळे बरे झाले असते. बऱ्याच जणांमध्ये डाएट नंतर आलेलं असतं आणि बिंज त्याआधीच सुरू झालेलं असतं. वहीतला चौथा रकाना, मनात काय चाललं होतं, इथे उपयोगी पडतो. लोक लिहितात: सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण चेहरा. अप्रेझल. मुलाचे मार्क. काही नाही, नुसतं रिकामं वाटलं. आणि सगळ्यांत जास्त वेळा: दमले.

खाताना काय होतं असं विचारलं की फार थोडे "बरं वाटतं" म्हणतात. जास्त लोक सांगतात, "डोकं बंद होतं." टॉड हेदरटन आणि रॉय बॉमिस्टर या मानसशास्त्रज्ञांनी १९९१मध्ये नेमकं हेच मांडलं होतं की बिंज म्हणजे स्वतःच्या जाणिवेपासून पळ काढणं. माणूस स्वतःला सतत मोठ्या अपेक्षांच्या फूटपट्टीने मोजत असतो आणि कमी पडत असतो. खाण्यात बुडाला की लक्ष हात आणि तोंड एवढ्यापुरतं आक्रसतं. मी कशी आहे, माझं काय होणार, हे प्रश्न वीस मिनिटं गप्प बसतात. मग ते परत येतात आणि सोबत अपराधीपणा घेऊन येतात. तो अपराधीपणा उद्याच्या बिंजचं एक कारण ठरतो, आणि गाडी सुरू झाली कशाने हे शोधून काढलं तरी ती याच इंधनावर धावत राहते.

रात्रीच का, याचं एक उत्तर आपल्या घरांच्या रचनेत आहे. सगळ्यांना गरम वाढून झाल्यावर बाईने शेवटी जेवायचं, पातेल्यात उरलेलं संपवायचं, टाकायचं नाही कारण अन्न हे पूर्णब्रह्म. स्वतःच्या आवडीचं काही करून, बसून खाणं हे बऱ्याच जणींना चोरीसारखं वाटतं. अकरा वाजता ओटा पुसून झाला की दिवसातली पहिली अशी वेळ येते जेव्हा कुणी "आई", "अगं" किंवा "मॅडम" म्हणून हाक मारत नाही. त्या वेळेत हातात खाणं आहे हे मला फारसं आश्चर्याचं वाटत नाही. अशा बाईला "खाण्याऐवजी गरम पाण्याने अंघोळ कर" हा सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. तिला दिवसात, उजेडात, स्वतःचा अर्धा तास लागतो.

पुरुषांमध्येही हे भरपूर आहे, फक्त दिसत नाही. पुरुषाने चापून खाल्लं की घर कौतुकाने "खवय्या आहे" म्हणतं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते: फिरतीवर असणारे एक गृहस्थ हायवेच्या कडेला गाडी लावून, काचा वर करून, चार-पाच वडापाव आणि वर पेढ्यांचं पाकीट असं संपवायचे, कागद पुढच्या पंपावर टाकायचे आणि घरी जाऊन बायकोबरोबर दोन पोळ्या जेवायचे. शुगर वाढत होती, डॉक्टर गोळ्या वाढवत होते आणि गाडीतल्या खाण्याबद्दल कुणी विचारलं नव्हतं. दुपारचं जेवण ते टार्गेटच्या धास्तीने टाळत होते, हे तिसऱ्या भेटीत कळलं.

लहानपणाचा वाटा असतो, आणि काहींच्या बाबतीत मोठा असतो. "ढोली", "जाडे" या हाका, शाळेत सगळ्यांसमोर झालेलं वजन, पाहुण्यांसमोर "हिला तिसरा लाडू देऊ नका हं" असं हसत म्हणणारी काकू. रडलं की गोड, चांगले मार्क आले की गोड, बोलायला मात्र कुणी नाही. भावंडांत जो पटकन खाईल त्यालाच मिळेल अशी परिस्थिती. लहानपणी झालेली हेळसांड, मारहाण, लैंगिक अत्याचार यांनी पुढे बिंजचा धोका वाढतो हे अनेक अभ्यासांत दिसलंय. तुमच्या बाबतीत असं काही असेल तर ते एकटीने रात्री उकरू नका, त्यासाठी समोर प्रशिक्षित माणूस हवा. आणि तसं काहीच आठवत नसेल तर "मग माझा त्रास खोटा" असंही समजू नका.

अनुवंशिकता आहे. जुळ्यांच्या अभ्यासांवरून माणसामाणसातल्या फरकाचा जवळपास निम्मा भाग तिच्या खात्यावर जातो. एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं आणि आवेग आवरणं अवघड जाण्याचा विकार, असलेल्यांमध्ये बिंजचं प्रमाण जास्त आढळतं. दिवसभर जेवायचंच विसरायचं आणि रात्री आवेग आवरायचा नाही, ही त्यांची जोडी मी वारंवार बघते. नैराश्य आणि चिंतेचे विकार तर बरोबरीने चालतात.

हार्मोन्सचं उत्तर हो आणि नाही असं दोन्ही आहे. पाळीच्या आधीच्या आठवड्यात बिंज वाढतात हे खरं आहे. वहीत पाळीच्या तारखा टाका, महिन्या-दोन महिन्यांत चित्र कळेल. पीसीओएस असलेल्या स्त्रियांमध्ये हा त्रास जास्त दिसतो, आणि त्यांना डॉक्टर, आत्या, जिममधली मुलगी, सगळेच "वजन कमी कर" सांगत असतात, त्यामुळे त्यात हार्मोन्सचा भाग किती आणि सततच्या डाएटचा किती हे वेगळं करणं अवघड जातं. अपुऱ्या झोपेने भूक वाढते; भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं आणि तृप्तीचा संदेश देणारं लेप्टिन कमी होतं असं काही अभ्यासांत दिसलंय. साडेअकराला झोपून पाचला डब्यासाठी उठणाऱ्या बाईने हेही हिशेबात धरावं.

काही शारीरिक गोष्टी तपासूनच घ्या. थायरॉइड अति काम करत असेल तर भूक वाढते आणि वजन उतरतं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या गोळीवर असणाऱ्याला रात्री घाम, थरथर आणि खा-खा झाली तर आधी शुगर बघायची, कारण ती खाली गेलेली असू शकते. स्टेरॉइड, ओलान्झापिन, क्लोझापिन, मिर्टाझापिन, व्हॅल्प्रोएट ही औषधं भूक वाढवतात. पार्किन्सन्सवरच्या प्रामिपेक्सोलने काहींना खाण्याचा न आवरणारा आवेग येतो. झोल्पिडेम या झोपेच्या गोळीवर माणूस अर्धवट झोपेत उठून खातो आणि सकाळी ओट्यावरची भांडी बघून कोड्यात पडतो. यांपैकी काही चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. स्वतःहून गोळी बंद करू नका.

तर तुमच्या बाबतीत काय? समोर बसून बोलल्याशिवाय निदान करता येत नाही, पण तुम्ही लिहिलेल्या "काटेकोर" या शब्दावर मी आधी बोट ठेवेन. दिवसाचं जेवण सुधारेपर्यंत भावनांवरचं काम टिकत नाही, असा माझा अनुभव आहे. उपाशी मेंदूशी रागा-दुःखाच्या गप्पा मारता येत नाहीत. ऑक्सफर्डच्या क्रिस्टोफर फेअरबर्न यांनी विकसित केलेल्या उपचारातही, जो या आजारासाठी सर्वांत जास्त तपासला गेलेल्यांपैकी आहे, आरंभीचं पाऊल हेच आहे: ठरलेल्या वेळी खाणं. तीन जेवणं, दोन मधलं खाणं, दोन खाण्यांत तीन-चार तासांपेक्षा जास्त खंड नाही. तुमच्यापुरतं म्हणजे वहीतल्या बाईसारखी डब्यातली पोळी मैत्रिणीला द्यायची नाही, स्वतः खायची. पाचच्या सुमारास उपमा, थालीपीठ, दाणे, केळं, काहीतरी दमदार हवं, ग्रीन टी नव्हे. रात्री सगळ्यांबरोबर बसून वरण-भात-भाजी.

यात सगळ्यांत कठीण असते ती बिंजनंतरची सकाळ. पोट जड असतं, मन म्हणतं आज लंघन. तेव्हाही नेहमीचा नाश्ता नेहमीच्या वेळी करायचा. थोडा कमी चालेल, टाळायचा नाही. हे एक पाऊल जमलं की पुढच्या काही आठवड्यांत बिंजची संख्या हलायला लागते. वजन वाढण्याची भीती वाटेल. म्हणून या काळात काट्यावर रोज उभं राहू नका, आठवड्यातून एकदा पुरे. वजन कमी करण्याचं ध्येय सध्या बाजूला ठेवायचं, यावर माझे क्लायंट माझ्याशी सर्वांत जास्त भांडतात. मधुमेहाची औषधं चालू असतील तर जेवणाच्या वेळा बदलण्याआधी डॉक्टरांशी बोला.

उपवासांबद्दल हमखास विचारलं जातं. श्रद्धेचा उपवास आणि रविवारच्या बिंजची शिक्षा म्हणून धरलेला सोमवार यांतला फरक ज्याचा त्याला मनात पक्का माहीत असतो. दुसरा सोडा. पहिला सोडवत नसेल तर उपचार चालू असेपर्यंत निर्जळी किंवा एकभुक्त नको. रताळं, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, ताक असं ठरल्या वेळी खाऊन करा. आपल्याकडे "एकादशी दुप्पट खाशी" असं उगाच म्हणत नाहीत.

डबे कुलपात ठेवू नका. किल्ली तुमच्याकडेच असणार, आणि कुलूप लावलेला लाडू दिवसभर डोक्यात राहतो. सुरुवातीचे काही आठवडे फरसाणचं किलोचं पाकीट न आणता छोटं आणलंत तर हरकत नाही. पण ठरवून, दिवसा, ताटलीत घेऊन, बसून एक लाडू खायची सवय हा उपचाराचाच भाग आहे, आणि तो भरल्या पोटी सुरू करायचा असतो.

खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढणं, जुलाबाच्या गोळ्या घेणं, असं काही होत असेल तर ही वेगळी आणि तातडीची गोष्ट आहे. त्याने रक्तातलं पोटॅशियम घसरून हृदयाचे ठोके बिघडू शकतात, तेव्हा आधी फिजिशियनकडे जा. जगणं नको असे विचार येत असतील तर आजच कुणाशी तरी बोला. टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ आहे, ती मोफत आणि चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलता येतं. एरवीच्या उपचारासाठी कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपीचं (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारा उपचार; वरचा फेअरबर्न यांचा उपचार याच प्रकारातला) प्रशिक्षण घेतलेला सायकॉलॉजिस्ट बघा, आणि नैराश्य ठळक असेल तर सोबत मानसोपचारतज्ज्ञ. पहिल्याच भेटीत काट्यावर उभं करून कुणी डाएटचा छापील कागद हातात दिला, तर दुसरीकडे जा.

नवऱ्याला सांगा, पण बिंजच्या रात्री रडताना नको. रविवारी सकाळी चहाच्या वेळी सांगा. सगळा इतिहास सांगायची गरज नाही. दोनच गोष्टी मागा: माझ्या ताटावर आणि वजनावर महिनाभर काही बोलायचं नाही, चांगलंही नाही, आणि रात्री जेवण वाढायचं काम त्याने करायचं, म्हणजे तुम्हाला सगळ्यांबरोबर बसून गरम जेवता येईल. "एवढंच ना, मन घट्ट कर" असं तो म्हणाला, तर हे उत्तर त्याला वाचायला द्या.